मरण सांगणे आणि मरण कळवणे

मराठीत मरणाची वार्ता दोन क्रियापदांनी पोहोचते. भावकीत, सोयऱ्याधायऱ्यांत ती 'सांगितली' जाते. तलाठ्याकडे, ग्रामपंचायतीत, महापालिकेच्या खिडकीवर ती 'कळवली' जाते. सांगितलेल्या मरणाला पलीकडून उत्तर मिळते. माणसे हातातले काम टाकून निघतात, खांदा द्यायला येतात. फार लांब असतील तर निदान डोक्यावरून अंघोळ करतात. कळवलेल्या मरणाला फार तर पोच मिळते. आमच्या लहानपणी कोपरा फाडलेले पोस्टकार्ड आले की ते दारातच वाचले जाई आणि घरात ठेवले जात नसे. पुढे शेजाऱ्यांकडे टेलिफोन आला, तेव्हा फोनवर कोणी 'गेले' असे म्हणत नसे. 'तब्येत जास्त आहे, निघून या' एवढेच सांगत आणि ऐकणारा काय ते समजे. मरणाचा उच्चार टाळूनही मरण सांगता येते, कारण सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात त्या वाक्याचा अर्थ आधीच ठरलेला असतो.

हे सांगणे सर्वांना सारखेच पडत नव्हते, याचेही भान ठेवले पाहिजे. गावातल्या मर्तिकाचा सांगावा घेऊन ऊनपाऊस न बघता दुसऱ्या गावी चालत जाणे हे महारांच्या माथी मारलेल्या कामांपैकी एक होते. दलित आत्मकथने वाचलेल्या विद्यार्थ्याला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. वार्ता कोणी वाहायची, तिची किंमत कोणी मोजायची आणि ती ऐकल्यावर कोणी काय करायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक समाज आपापल्या परीने देत आला आहे. आज आम्ही ज्या देशाविषयी लिहीत आहोत, त्याला ही उत्तरे एका साथीच्या तडाख्यात, काही महिन्यांत, तीन आकडी टेलिफोन क्रमांकाच्या आधाराने नव्याने द्यावी लागली. तो देश म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला सिएरा लिओन, तो क्रमांक ११७ आणि ती साथ इबोलाची.

साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयात का शिरावे, असा प्रश्न येईल. साथी, त्यांचे आकडे आणि त्यांचे उपाय हे वैद्यकाचे आणि प्रशासनाचे क्षेत्र आहे, हे आम्हांस मान्यच आहे. परंतु मरणाचा फोन ही प्रथमतः एक भाषिक कृती आहे. कोणीतरी बोलतो, कोणीतरी ऐकतो, काही प्रश्न विचारले जातात, काही विचारले जात नाहीत. या कृतीचे काय झाले, हे पाहण्याचा अधिकार भाषेच्या माणसाला आहे आणि आमच्या मते ती त्याची जबाबदारीही आहे.

प्रथम घटनाक्रम. गिनीच्या अरण्यप्रदेशात २०१३ च्या अखेरीस सुरू झालेली साथ सिएरा लिओनमध्ये २०१४ च्या मे महिन्यात उघड झाली. पूर्वेकडील कैलाहुन जिल्ह्यात पारंपरिक उपचार करणारी एक नामांकित स्त्री सीमेपलीकडून आलेल्या रुग्णांवर उपचार करताना स्वतः दगावली. तिच्या अंत्यविधीला दूरदूरची माणसे जमली. जागतिक आरोग्य संघटनेच्या वृत्तांतानुसार, त्या एका अंत्यविधीशी तब्बल ३६५ इबोला-मृत्यूंचा संबंध असू शकेल, असे स्थानिक तपासात आढळले. इबोलाने मेलेल्याचा देह मरणानंतर अतिशय संसर्गकारक असतो. आणि सिएरा लिओनमध्ये, मुसलमान असो वा ख्रिस्ती, मृताला आप्तांनी आपल्या हाताने स्नान घालणे हे शेवटचे आणि अत्यावश्यक कर्तव्य मानले जाते. म्हणजे साथ नेमकी मायेच्या वाटेने पसरत होती. नवीन संसर्गांपैकी किमान २० टक्के दफनविधीच्या वेळी होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या नोव्हेंबरात सांगितले.

त्यावरचा उपाय कठोर होता. कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी देहाला हात न लावता ११७ वर फोन करायचा. फोन घेणारा मृताचे वय, लिंग, ठिकाण, लक्षणे विचारून नोंद करी. नोंद जिल्ह्याच्या प्रतिसाद केंद्राकडे जाई. तिथून नखशिखान्त झाकलेले दफनपथक येई, तोंडातून नमुना घेई आणि देह पिशवीत बंद करून नेई. म्हातारपणाने गेलेली आजी, झाडावरून पडून मेलेला मुलगा, बाळंतपणात दगावलेली स्त्री, सगळ्यांना हाच नियम. रुग्ण लपवून ठेवणाऱ्यास कैदेची तरतूद करणारी कायद्यातली दुरुस्ती २०१४ च्या ऑगस्टमध्येच झाली होती. सप्टेंबर २०१४ ते डिसेंबर २०१६ या काळात, अपुरे आणि खोडसाळ फोन वगळता, ११७ वर सुमारे साडेतीन लाख फोन आले. या देशाची लोकसंख्या २०१५ च्या जनगणनेत सत्तर लाखांच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे या संख्येचा आवाका ध्यानात येईल. साथीत तिथे १४,१२४ माणसे आजारी पडली आणि ३,९५६ दगावली, अशी अधिकृत नोंद आहे.

या साडेतीन लाख फोनांतला मृत्यू कळवणारा प्रत्येक फोन एक नकार होता, असे आम्हांस वाटते. फोन करणाऱ्या मुलाने आपल्या आईला स्वतःच्या हाताने स्नान घालायचे नाकारले होते. ज्या देहाला हात लावण्याचा पहिला हक्क त्याचा, तो त्याने अनोळखी माणसांच्या हवाली केला होता. घरावर एकवीस दिवसांचे विलगीकरण येणार हे जाणून त्याने तो क्रमांक फिरवला होता. सुरुवातीच्या महिन्यांत तर फोन करूनही पथक दिवसेंदिवस येत नसे आणि देह घरात तसाच पडून राही. फ्रीटाउनच्या किंग टॉम दफनभूमीत घाईघाईने खणलेल्या थडग्यांतून आपले माणूस नेमके कोणत्या थडग्यात आहे, हे कित्येकांना सांगता येत नव्हते. तिसऱ्या, सातव्या आणि चाळिसाव्या दिवसाचे विधी करणाऱ्या समाजात थडग्याचा ठावठिकाणा नसणे म्हणजे काय, हे दहाव्याला कावळा शिवण्याची वाट पाहत तिष्ठणाऱ्या आपल्या लोकांना समजावून सांगण्याची गरज नसावी.

वार्ता वाहणाऱ्यांचे काय झाले, तेही पाहू. दफनपथकांत बहुतांशी गावातलीच तरुण मुले होती. त्यांनी हजारो देह पुरले आणि त्यांपैकी अनेकांना स्वतःच्या घरच्यांनी उंबऱ्याच्या आत घेतले नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात केनेमा शहरात थकलेल्या भत्त्यासाठी संपावर गेलेल्या दफनकर्मचाऱ्यांनी काही मृतदेह रुग्णालयाच्या दाराशी आणून टाकले. जगभर या कृत्याचा धिक्कार झाला. तो योग्यच होता. पण ज्यांच्या हाती समाजाने आपले मृत सोपवले, त्यांना त्या समाजाने काय दिले, हा प्रश्न त्या दारात पडून राहिला. सांगावा घेऊन जाणाऱ्याला दूर उभे करण्याची रीत आपल्यापुरतीच नाही, एवढाच बोध त्यातून आम्ही घेतला.

या कहाणीला दुसरी बाजू आहे आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ही व्यवस्था शिकली. २०१४ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने दफनाची नवी पद्धत घालून दिली. तिच्या नावातच 'सुरक्षित' या शब्दाच्या जोडीला 'सन्मानपूर्वक' हा शब्द होता. मुसलमान मृतांसाठी पाण्याविना शुद्धी आणि कफन यांची मुभा मिळाली; कुटुंबाला थडगे खणण्यात भाग घेता येऊ लागला; सुरक्षित अंतरावरून का होईना, प्रार्थना म्हणता येऊ लागली. इमाम आणि पाद्री यांनी लोकांशी बोलायचे मनावर घेतले. मानववंशशास्त्रज्ञ आणि धर्मगुरू यांच्याशी सल्लामसलत करून एका आरोग्ययंत्रणेने आपली भाषा बदलली, असे हे उदाहरण आहे. फोनच्या दुसऱ्या टोकाला केवळ पिशवी नाही, प्रार्थनाही आहे, हे कळल्यावर फोन करणे थोडे सोसवू लागले.

७ नोव्हेंबर २०१५ रोजी सिएरा लिओनमधला संसर्ग संपल्याचे जाहीर झाले. ११७ मात्र चालूच ठेवण्यात आला: प्रत्येक मृत्यू कळवा, प्रत्येक मृताचा नमुना तपासू. हे का आवश्यक होते, ते लवकरच दिसले. १४ जानेवारी २०१६ रोजी पश्चिम आफ्रिकेतल्या संसर्गाच्या सर्व ज्ञात साखळ्या तुटल्याचे जगाला सांगण्यात आले. आणि दुसऱ्याच दिवशी सिएरा लिओनमधल्या मागबुराका येथे दोन-तीन दिवसांपूर्वी वारलेल्या एका बावीस वर्षांच्या तरुणीच्या नमुन्यात इबोला सापडल्याची बातमी आली. ती जिवंत असताना कोणाला संशय आला नव्हता. मृत्यूनंतर घेतलेल्या नमुन्याने जे सांगितले, ते तिच्या आजाराने सांगितले नव्हते. तोवर घरच्यांनी तिला स्नान घातले होते.

२०१६ च्या जूनपासून धोरण बदलले; संशय असेल तरच नमुना घ्यायचा, मृत्यू मात्र सगळेच कळवायचे. आणि ११७ हळूहळू मुका होत गेला. साथीनंतर कळवल्या जाणाऱ्या मृत्यूंची संख्या एकतृतीयांशाहूनही खाली आली. माणसे मरायची थांबली नव्हती. बालमृत्यू आणि मातामृत्यू यांच्या बाबतीत सिएरा लिओन जगातल्या सर्वांत पीडित देशांपैकी एक होता. थांबले होते ते कळवणे.

याचे सोपे स्पष्टीकरण असे दिले जाते की लोक अडाणी आहेत, बेफिकीर आहेत, त्यांना नोंदणीचे महत्त्व पटलेले नाही. म्हणून प्रचार करा, फलक लावा, रेडिओवरून सांगा. आम्हांस हे मान्य नाही. केनेमा जिल्हा आणि राजधानीचा पश्चिम विभाग येथे संशोधकांनी लोकांना प्रत्यक्ष विचारले, तेव्हा मिळालेली उत्तरे बेफिकिरीची नव्हती. लोकांच्या लेखी ११७ म्हणजे इबोला. इबोला गेला, आता कशाला कळवायचे? शिवाय साथीतला अनुभव अंगात मुरलेला होता: कळवले की झाकलेली माणसे येतात आणि आपले माणूस घेऊन जातात. याच लोकांनी असेही सुचवले की कळवल्याने दफनाला काही मदत होणार असेल, घरच्यांच्या पदरात काही पडणार असेल, तर कळवू. या उत्तरांत आम्हांस अडाणीपणा दिसत नाही, भाषेची नेमकी जाण दिसते. ज्या क्रमांकाने दोन वर्षे मरणाविषयी एकच प्रश्न विचारला, 'यापासून इतरांना धोका आहे का?', त्या क्रमांकाला लोकांनी धोका असेतोवरच उत्तर दिले. धोका संपला तेव्हा संभाषणही संपले. कोण गेले, कसे गेले, मागे कोण राहिले, हे त्या क्रमांकाने विचारलेलेच नव्हते.

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे: लोक मरण तिथेच सांगतात, जिथे ते मरण म्हणून ऐकले जाते. केवळ धोका म्हणून ऐकणारा कान धोक्याच्या काळापुरताच उपयोगी ठरतो. आणि पुढची साथ वेळीच ओळखायची असेल तर धोका नसलेल्या काळातली, म्हणजे रोजची, साधी, कोणालाही भिववणार नाहीत अशी मरणे कळली पाहिजेत. नेमकी तीच कळत नाहीत.

हा तिढा जुना आहे. लंडनच्या प्लेगच्या काळात गरीब म्हाताऱ्या बाया घरोघर जाऊन प्रेत पाहत आणि मरणाचे कारण कळवत. त्यावरून दर आठवड्याला मृत्यूंची यादी छापली जाई. डॅनिएल डिफोने १७२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्लेगवरील ग्रंथात या याद्यांचे आकडे दिले आणि त्याचबरोबर ते खरे का मानता येत नाहीत, घरे बंद होण्याच्या भीतीने लोक कारण कसे दडवीत, हेही नमूद केले. आपल्याकडे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९७ चा साथरोग कायदा झाला आणि पुण्यात गोरे शिपाई घरात घुसून रोगी शोधू लागले, तेव्हा लोकांनी रोगी लपवले आणि मरणेही लपवली. रँडची कहाणी आम्ही शाळेत शिकतो. लपवलेल्या मरणांची कहाणी शिकत नाही. विचारणारा ज्या स्वरात विचारतो, त्याच स्वरात उत्तर मिळते, हे दोन्ही ठिकाणी दिसते.

तरीही दुसऱ्या प्रकारे विचारता येते आणि त्याचे एक उदाहरण आपल्या देशातलेच आहे. भारतात २००१ नंतर 'मिलियन डेथ स्टडी' या नावाने प्रचंड मोठे काम झाले. डॉक्टरने न पाहिलेल्या मृत्यूंचे कारण शोधण्यासाठी सर्वेक्षक घरी जात, मृताच्या माणसांशी बोलत, ठरावीक प्रश्न विचारत आणि शिवाय स्थानिक भाषेत अर्धे पान मजकूर लिहून घेत: काय झाले, केव्हा सुरू झाले, मग काय केले. तो मजकूर दोन डॉक्टर स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवत. याला मौखिक शवचिकित्सा म्हणतात. नाव रुक्ष आहे, पण त्या अर्ध्या पानाला आम्ही निःसंकोचपणे गद्यप्रकार म्हणू. महाराष्ट्रातल्या घरांत ते मराठीत लिहिले गेले असेल, 'दुपारपासून घाबरं व्हायला लागलं' अशा कोणत्याशा वाक्याने सुरू झाले असेल. पुढे याच धर्तीची पाहणी सिएरा लिओनमध्ये तिथल्या न्जाला विद्यापीठाच्या सहभागाने झाली आणि २०१८ ते २०२० मधल्या मृत्यूंची कारणे त्यातून हाती आली. ज्या देशात टेलिफोन मुका झाला होता, तिथे दारात येऊन बसणाऱ्या माणसाला लोकांनी मरण सांगितले. दोन्हींत फरक यंत्राचा नाही. दारात बसलेल्या माणसाने 'पुढे काय झाले?' असे विचारले, एवढाच तो फरक आहे.

यावर येणारे आक्षेप आम्ही जाणतो. सरकारी यंत्रणेने शोकगीते ऐकत बसायचे काय? एका पाळीत शेकडो फोन घेणाऱ्या तरुण मुलीने प्रत्येकाचे दुःख वाटून घ्यायचे काय? मागबुराकाच्या तरुणीचा नमुना वेळेवर घेतला गेला नसता तर आणखी किती जण गेले असते? हे आक्षेप खरे आहेत. विधींचे कौतुक करताना त्याच विधींनी माणसे मारली, हे विसरणारा साहित्यिक भाबडेपणा आम्हांस नको आहे. आमची मागणी लहान आहे. कळवणाऱ्याला काहीतरी परत मिळावे. मृत्यूचा दाखला घरपोच मिळावा, दफनाला हातभार लागावा आणि एखादा माणूस नंतर येऊन बसावा. सिएरा लिओनने २०१६ मध्ये नागरी नोंदणीचा नवा कायदा केला. टेलिफोनवर सांगितलेले मरण त्या नोंदणीत जाऊन दाखला म्हणून घरी परत आले, तर ११७ या आकड्याचा अर्थ बदलू शकेल. शब्दाचा अर्थ वापराने बदलतो, आकड्याचाही बदलेल.

आणि हे सारे दूरच्या देशाविषयी आहे, अशा समजुतीत आपण राहू नये. २००१ मध्ये अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंची गावोगाव मोजदाद करून सरकारी नोंदींतून किती मुले गळून गेली होती ते दाखवले. त्या अहवालाचे नाव 'कोवळी पानगळ'. अहवालाला असे नाव द्यावेसे वाटले, यातच आकड्याला मरण म्हणून ऐकण्याची धडपड आहे. पुढे कोरोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत, भारतात सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाले असावेत असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मे महिन्यात मांडला. अधिकृत आकडा पाच लाखांच्याही आत होता आणि सरकारने तो अंदाज फेटाळला. खरा आकडा कोणता, याचा निवाडा आम्ही करू शकत नाही. पण २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत रोज सकाळी फोन हातात घेताना कोणाच्या नावापुढे 'भावपूर्ण श्रद्धांजली' दिसेल या धास्तीने ज्यांचे हात थरथरले, त्यांना हे ठाऊक आहे की आपण ती मरणे एकमेकांना सांगितली, भरभरून सांगितली. कळवली किती, हा प्रश्न वेगळा. सांगणे आणि कळवणे यांच्यातली दरी आपल्याकडेही तेवढीच रुंद आहे.

आयव्हरी कोस्टच्या लेखिका व्हेरोनिक ताजो यांनी २०१७ मध्ये इबोलावर एक फ्रेंच कादंबरी लिहिली. तीत बाओबाबचे झाड बोलते, परिचारिका बोलते, थडगी खणणारा बोलतो, वटवाघूळ बोलते आणि विषाणूही बोलतो. साहित्य हे करू शकते, करते. पण आमच्या विद्यार्थ्यांनी एवढ्यावर थांबू नये, असे सुचवावेसे वाटते. पदव्युत्तर वर्गात आम्ही विलापिका शिकवतो, ओवीतला शोक शिकवतो, मृत्युलेखाची शैली शिकवतो. मृत्यूनोंदणीचा अर्ज मात्र आम्ही कधी वर्गात वाचलेला नाही. एकदा तो वाचावा. त्यात किती रकाने आहेत, कोणता प्रश्न पहिला आहे, सांगणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दांना त्यात किती ओळी दिल्या आहेत, ते मोजावे. आणि आपल्या घरातले एखादे मरण त्या रकान्यांत बसवून पाहावे. जे बसत नाही, त्याची यादी करावी. कोणत्याही देशातला ११७ मुका का होतो, याचे उत्तर त्या यादीत सापडेल, अशी आमची खात्री आहे.